बैठी गाडी, उभं दुखणं

बसण्याची हौस माणसाला उपजतच असते. आमच्या माजलगावात तर ती पिढीजात आहे. पारावर बसणे, ओट्यावर बसणे, हॉटेलात एका कटिंगवर दोन तास बसणे आणि निवडणूक हरल्यावर पाच वर्षं घरी बसणे, हे सगळे प्रकार इथे यथासांग पार पडतात. पण अलीकडे गाडीलाही बसवण्याची टूम निघाली आहे. चांगली चार चाकांवर ताठ उभी असलेली मोटार गॅरेजात न्यायची, तिच्या स्प्रिंगा कापायच्या आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी ती रस्त्यावर आणायची. याला तरुण मंडळी गाडी ‘लो करणे’ म्हणतात. मग ती कोंबडी शिवाजी चौकातून खर्जातल्या सुरात आरवत जाते आणि टपरीवरची मंडळी चहाचे कप खाली ठेवून तिच्याकडे बघतात. सगळ्या खर्चाचं चीज तेवढ्यात होतं.

माझा वाद गाडी खाली घेण्याशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणी पँट खाली घेतो, कुणी गाडी. माझा वाद आहे तो शॉकअपशी. म्हणजे शॉकअपशी नव्हे, त्या बिचाऱ्याला कुणी विचारतच नाही त्याच्याशी. शॉक ॲब्सॉर्बर हे त्याचं कागदोपत्री नाव. आमच्याकडे त्याला शॉकअप म्हणतात आणि त्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. आधी स्प्रिंगा कापतात, मग मोठे अलॉय व्हील, मग पातळ टायर, मग काचेवर आईचा आशीर्वाद, आणि एवढं झाल्यावर पैसे उरले तर शॉकअप. पैसे उरत नाहीत. आईचा आशीर्वाद मात्र काचेवर असतो, आणि आई मागच्या सीटवर.

मी निवृत्त शास्त्रशिक्षक आहे. आठवी-नववीच्या पोरांना ‘बल’ आणि ‘दाब’ हे दोन धडे शिकवण्यात माझी हयात गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे तालुक्याच्या राजकारणात दोन्हींचा उत्तम उपयोग केला. गाडीच्या बाबतीत मात्र सगळे ते धडे विसरले, म्हणून उजळणी घेणं भाग आहे.

तर मंडळी, गाडीचं वजन उचलते स्प्रिंग. शॉकअप वजन उचलत नाही. स्प्रिंगचा स्वभाव आमच्या भाऊबंदांसारखा: दाबलं की उसळायचं, उसळून झालं की परत दबायचं, आणि हा कार्यक्रम कुणीतरी थांबवीपर्यंत चालू ठेवायचा. शॉकअप म्हणजे त्या भांडणातला पंच. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक वरखाली झालं की तेल त्या भोकांतून मोठ्या नाखुशीने जातं आणि उसळीचं रूपांतर उष्णतेत होतं. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा. गरम लागला तर समजा पंच कामावर आहे. गार लागला तर तो केव्हाच देवाघरी गेला. धक्का खरं तर स्प्रिंग खाते; नाव मात्र शॉकअपचं झालं. जुन्या बैठ्या गाड्यांना मागे पाटे असायचे. ते पाटे एकमेकांवर घासून थोडी उसळी आपापसात मिटवायचे. वेटोळ्याच्या स्प्रिंगला ती सोय नाही. तिला पंच लागतोच.

आता आमच्या भाच्याचं ऐका.

“मामा, गाडी कशी दिसायलीय?”

“बसल्यासारखी.”

“तेच तर पायजे की!”

“शॉकअप कोणते टाकलेस?”

“ते कंपनीचेच हायत. स्प्रिंगाचे दोन-दोन येढे कापले. शॉकअपचं मागून बघू.”

शेजारी मिस्त्री उभे होते. त्यांनी हात फडक्याला पुसत शास्त्रीय मत दिलं, “कुछ नहीं होता, गुरुजी.”

‘कुछ नहीं होता’ हे मराठवाड्यातलं यंत्रशास्त्राचं आद्यसूत्र आहे. पूल, पाणीपुरवठा, वायरिंग आणि ब्रेक या सगळ्यांना ते लागू पडतं. पण माझ्या हाती खडू होता तेव्हापासून मी दुसरं सूत्र मानत आलो आहे: काहीतरी होतंच, फक्त ते कुणाला होतं ते बघायचं असतं.

आठ वेढ्यांची स्प्रिंग घ्या आणि तिचे दोन वेढे कापा. पोरांना वाटतं स्प्रिंग फक्त आखूड झाली. ती कडकही होते. तार तीच, वेढे कमी, म्हणजे दाबायला जोर जास्त. आठाला सहाने भागा, कडकपणा एक तृतीयांशाने वाढला. त्या वाढलेल्या उसळीला आवरायला पंचही साधारण १५ टक्क्यांनी जबर हवा. पण तो जुनाच. तोही बऱ्याचदा साठ-सत्तर हजार किलोमीटर भांडणं मिटवून थकलेला. म्हणजे भाऊबंद तापट केले आणि पंच म्हणून आजोबांना बसवलं. निकाल काय लागणार?

दुसरी गंमत जागेची. समजा मूळ गाडीत चाकाला वर यायला ८ सेंटिमीटर जागा होती. गाडी ५ सेंटिमीटर खाली घेतली. उरले ३. त्यात पाच माणसं बसली (आमच्याकडे पाच म्हणजे सात) की ते ३ सुद्धा संपत आले. त्याच्या पलीकडे एक रबरी गुटका असतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण या गुटक्यावर नाही, आणि लो केलेली गाडी तो दिवसभर चघळत असते. प्रत्येक खड्ड्याला धक्का स्प्रिंगेत न जिरता गुटक्यावर, गुटक्यावरून पत्र्यात, पत्र्यातून सीटमध्ये आणि सीटमधून थेट माणसाच्या मणक्यात. मणक्यातही चकत्या असतात. फरक एवढाच, की त्या सुट्या भागांच्या दुकानात जोडीने मिळत नाहीत.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिला कमरेच्या दुखण्यापायी महिन्यातून दोनदा बीडला दवाखान्यात न्यावं लागतं. नेतो तिचा मुलगाच, म्हणजे वरचा कोंबडीवाला. पोरगा वाईट नाही. आईची फाइल, गोळ्या, पाण्याची बाटली सगळं आठवणीने घेतो. आक्का गोधडीची चौघडी करून सीटवर टाकते, वर आणखी एक उशी घेते आणि दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून बसते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, “मागच्या वेळेपेक्षा कसं वाटतंय?” ती म्हणते, “निघताना बरं होतं.” एकदा मी तिला सरळ विचारलं, तुला त्रास होतो हे पोराला सांगत का नाहीस? ती म्हणाली, “त्याला वाईट वाटंल रे. समदे म्हणतेत गाडी लई देखणी झालीय. आसंल. मी आत बसते, मला आतून दिसती का ती?”

हे एक वाक्य मला सगळ्या यंत्रशास्त्रापेक्षा भारी वाटतं. गाडी खाली बसवतात ती बाहेरच्यांसाठी, आणि शॉकअप असतो आतल्यांसाठी. म्हणूनच पहिल्याला पैसा मिळतो आणि दुसरा ‘मागून बघू’मध्ये जातो. लग्नाच्या मांडवाला झालर आणि वऱ्हाडाला गार भात, त्यातलाच प्रकार.

आणि हे फक्त आतल्यांपुरतंही नाही. गाडी थांबवतो कोण? ब्रेक, असं वर्गात सगळे ओरडायचे. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो तो टायर, आणि तोही जमिनीला टेकलेला असला तरच. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर चेंडूसारखं टप्पे घेतं. टप्प्याच्या वरच्या अर्ध्यात ते हवेत किंवा हवेच्या शेजारी असतं, आणि हवेला ब्रेक लागत नाही. शाळा सुटायची वेळ, रस्त्यात खड्ड्यांची रांग, आणि समोरून दप्तर सांभाळत एखादं पोर धावत रस्ता ओलांडतंय, अशा वेळी त्या पोराचं नशीब तुमच्या शॉकअपच्या तेलात असतं. ते पोर तर तुमच्या गाडीचं कौतुक करायलाही थांबलेलं नव्हतं.

आता रस्त्यांविषयी. माजलगाव म्हणजे काही आडबाजूचं खेडं नाही. कल्याण-निर्मल महामार्ग इथून जातो, शेगाव-पंढरपूर पालखी मार्गही इथून जातो. वारकरी आणि मालमोटारी दोघांनाही आमच्या चौकातली धूळ लागते. पण महामार्ग सोडून आत वळलात की काळी माती. ही माती कापसाला आणि उसाला आई, रस्त्याला सावत्र आई. पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर लाटा घेतं. त्यात सिंदफणेवरच्या धरणाने पाणी दिलं, पाण्याने ऊस दिला, आणि उसाने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिले. साखर कारखान्याच्या हंगामात रस्त्याच्या कडा अशा दबतात, की लो केलेली गाडी त्या चाकोरीत उतरली तर पोटावर सरकत जाते.

शिवाय गतिरोधक. गतिरोधक कसा असावा याचं शास्त्र आपल्याकडे लिहिलेलं आहे, हे सांगितलं तर गावात कुणाचा विश्वास बसत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ सालचं त्यावर मार्गदर्शन आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, १७ मीटर त्रिज्येची गोलाई, आणि ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा बेत. मी गणित करून पाहिलं. लहान गाडीच्या दोन चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या आतबाहेर. अशी गाडी त्या उंचवट्यावर मधोमध आली की दोन्ही चाकंही उंचवट्यावरच असतात, आणि मधला फुगवटा तिच्या पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. आपल्याकडच्या लहान गाड्यांच्या पोटाखाली मुळात १६-१७ सेंटिमीटर मोकळे असतात. ५ खाली घेतले, माणसं बसली तेव्हा आणखी ३ गेले, तरी ८-९ राहतात. म्हणजे शास्त्रोक्त गतिरोधकावरून लो केलेली गाडीही सन्मानाने जाते.

पण शास्त्रोक्त गतिरोधक दाखवा! आमचे गतिरोधक लोकशाही पद्धतीने बनतात. एखादा अपघात होतो, लोक चिडतात, रातोरात कुणीतरी हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा डांबराचा बांध घालतो. त्याच्यावरून जाताना दोन्ही चाकं खाली आणि बांध सगळाच्या सगळा पोटाखाली. मग इंजिनाचं ऑइल चेंबर त्याला नमस्कार करतं, आणि मिस्त्री म्हणतात, “चेंबर गया.” तेव्हा मात्र ‘कुछ नहीं होता’ म्हणत नाहीत. असले बांध घालणाऱ्यांशी माझा वेगळा वाद आहे आणि तो मी मरेपर्यंत चालू ठेवणार आहे. पण रस्ता सुधारेल तेव्हा सुधारेल. शॉकअप उद्या बदलता येतो.

शॉकअप निवडण्याच्या ज्या पद्धती माझ्या पाहण्यात आल्या त्या तीन. पहिली, रंगपद्धती: लाल असेल तर चांगला, पिवळा असेल तर फारच चांगला. शॉकअप चाकाच्या आड, चिखलात असतो. तिथे रंग बघायला उंदीरसुद्धा थांबत नाही. दुसरी, कडकपद्धती: जितका हार्ड तितका भारी. काही शॉकअपना कडकपणा कमीजास्त करायची फिरकी असते. पोरं ती मिळाल्या दिवशी शेवटपर्यंत फिरवून ठेवतात, पंख्याचं बटण पाचावर ठेवावं तशी. एका फिरकीचे बहुतेक शॉकअप मुख्यतः चाक खाली परत येण्याचा वेग आवरतात. तो फार आवरला तर पहिल्या खड्ड्यात वर गेलेलं चाक दुसरा खड्डा येईपर्यंत पुरतं खाली येत नाही, तिसऱ्याला आणखी वर अडकतं, आणि रस्त्यावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या रम्बलरवर गाडी एकेक पायरी उतरत शेवटी गुटक्यावर जाऊन बसते. फिरकीने गाडीची उंची बदलत नाही. आतल्यांची तब्येत तेवढी बदलते. तिसरी, गॅसपद्धती: “मामा, गॅसचे हायत!” गॅस म्हटला की सगळ्यांना वाटतं आता गाडी फुग्यासारखी तरंगणार. त्यातला नायट्रोजन तेलाला दाबून धरतो, म्हणजे सततच्या हापशात तेलाचा फेस होत नाही. फेस झाला की दट्ट्या तेलातून न जाता ताकातून जातो, एवढाच मुद्दा.

याउलट आमच्या वयाची मंडळी. त्यांचं म्हणणं, कंपनीने दिली तशी गाडी वापरा, हात लावू नका. हेही मला पटत नाही. गाडी थोडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी कलते. धारूरच्या घाटात हे कुणालाही कळेल. हौस करण्याची एक रीतही असते. अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या बाजूला, मेक्सिकन वस्त्यांमधल्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या खाली घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला डिकीत वाळूची पोती टाकून! कॅलिफोर्नियाने १९५८ साली कायदा केला, की चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको. लोकांनी हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा खाली, पोलीस दिसला की वर, अशी सोय केली. तो कायदा उठला २०२४ च्या पहिल्या दिवसापासून. पण त्या मंडळींची रीत ‘खाली आणि हळू’ अशी होती. त्यांनी गाडी खाली घेतली ती मिरवत, रमतगमत चालवायला. आपण खालीपण घेतली आणि वेगही तोच ठेवला. अर्धीच विद्या आयात केली.

तेव्हा ज्यांना गाडी खाली घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी गुरुजींचा शेवटचा तास. स्प्रिंग कापू नका. कापलेल्या टोकाला नीट बैठक राहत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड स्प्रिंग जागा सोडते. तयार आखूड स्प्रिंगा मिळतात, त्या घ्या. पाच सेंटिमीटरचा हट्ट सोडून दोन-अडीचवर समाधान माना. टपरीवाल्यांना तेवढंही दिसतं. शॉकअप त्याच वेळी बदला, आणि तो त्या आखूड स्प्रिंगेसाठी बनलेला, अंगाने आखूड असा घ्या, म्हणजे नव्या उंचीला दट्ट्या नळीच्या मधल्या भागात राहील आणि दोन्हीकडे जागा उरेल. एका बाजूचा एकटा बदलू नका; पुढचे दोन किंवा मागचे दोन, जोडीनेच. एकनळी शॉकअप तेल लवकर थंड ठेवतो हे खरं, पण दगड लागून त्याच्या नळीला पोचा पडला की दट्ट्या अडकतो. दुनळीला बाहेरची नळी चिलखतासारखी असते. गिट्टी उडणाऱ्या आमच्या रस्त्याला मला दुनळी, हलक्या गॅसचाच बरा वाटतो, मग टपरीवर कुणी काही म्हणो. दांडीवरचं रबरी टोपण फाटलेलं असेल तर आधी ते बदला. चिखलाने दांडी खरवडली की तेल गळायला लागतं. आणि सगळं झाल्यावर अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतल्या बाजूने असे झिजतील, की झिजलेले कळायला गाडीखाली झोपावं लागेल.

हो, आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला बंदी. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असल्या बेकायदा बदलांना दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तेव्हा हत्यार उचलण्याआधी आर. टी. ओ.त विचारून घ्या. कैदेत बसायची जागा मात्र आधीच लो केलेली असते.

राहता राहिली परीक्षा. गाडी तयार झाली की बंपर दाबून बघणं ही परीक्षा नव्हे. त्यात फक्त ठार मेलेला शॉकअप नापास होतो. खरी परीक्षा अशी घ्या: गाडी मित्राच्या हातात द्या. मागच्या सीटवर, बरोबर चाकाच्या वर, आईशेजारी स्वतः बसा. गोधडी घ्यायची नाही. बीडपर्यंत जा आणि परत या. चौकात आल्यावर, टपरीवरची सगळी मंडळी बघत असताना, दार उघडून एका दमात ताठ उभे राहा.

उभं राहता आलं, तर खुशाल म्हणा, “कुछ नहीं होता.”